तुर्कस्तानातील १९२८ चे वर्ष आणि लिपिपरिवर्तन

दोन महायुद्धांमधील काळात तुर्कस्तानात ज्या सुधारणा घडून आल्या, त्यांपैकी बहुतेकांचा संबंध शासनसंस्थेशी, कायद्याशी अथवा लोकांच्या बाह्याचाराशी होता. ऑक्टोबर १९२३ मध्ये प्रजासत्ताक घोषित झाले. मार्च १९२४ मध्ये खिलाफत संपुष्टात आली. १९२५ मध्ये फेझ टोपीवर बंदी आली. १९२६ मध्ये स्विस धर्तीची नागरी संहिता स्वीकारली गेली. १९२८ या वर्षाचे वेगळेपण असे, की त्या वर्षी राज्यसत्तेने प्रजेच्या लेखनव्यवहारालाच हात घातला. हे परिवर्तन भाषेच्या गरजेतून झाले की राजकीय हेतूतून, हा प्रश्न म्हणूनच भाषाभ्यासकाला टाळता येत नाही.

त्या वर्षातील घटनांचा क्रम बोलका आहे. जानेवारीत इस्तंबूलच्या विद्यार्थ्यांनी ‘नागरिका, तुर्की बोल’ ही मोहीम सुरू केली. तिचा रोख अल्पसंख्याकांच्या भाषांवर होता. १० एप्रिल रोजी इस्लाम हा राज्याचा धर्म असल्याचे कलम संविधानातून वगळण्यात आले. मे महिन्यात अरबी अंकांच्या जागी युरोपीय अंक स्वीकारण्याचा कायदा झाला. जूनअखेरीस अंकारा येथे भाषामंडळाचे काम सुरू झाले. ९ ऑगस्टच्या रात्री इस्तंबूलच्या गुल्हाने उद्यानातील समारंभात मुस्तफा केमाल यांनी नव्या अक्षरांची घोषणा केली. सप्टेंबरात ते कायसेरी येथे फळ्यापुढे खडू घेऊन उभे राहिले. १ नोव्हेंबर रोजी कायदा संमत झाला. १ डिसेंबरपासून वृत्तपत्रे, आणि १ जानेवारी १९२९ पासून पुस्तके नव्या लिपीतच छापण्याचे बंधन आले. घोषणेपासून अंमलबजावणीपर्यंत पाच महिनेही लागले नाहीत.

या परिवर्तनाला भाषाशास्त्रीय आधार नव्हता, असे मात्र म्हणता येणार नाही. तुर्की भाषेत आठ स्वर आहेत आणि शब्दाच्या प्रत्ययांतील स्वर मूळ शब्दातील स्वरांशी जुळवून घेतात. अरबी लिपीची घडण याच्या उलट आहे. तीत व्यंजने सविस्तर लिहिली जातात, तर स्वरांसाठी मोजकीच चिन्हे असतात. परिणामी दहा या अर्थाचा ‘ओन’ आणि पीठ या अर्थाचा ‘उन’ हे शब्द एकाच प्रकारे लिहिले जात; कोणता वाचावयाचा हे संदर्भावरून ठरवावे लागे. उलटपक्षी, ‘स’ या एका ध्वनीसाठी तीन आणि ‘जहाज’ शब्दातील दंत्य ‘ज’सारख्या एका ध्वनीसाठी चार अक्षरे शिकावी लागत. नव्या वर्णमालेत एकोणतीस अक्षरे घेण्यात आली व आठही स्वरांना स्वतंत्र चिन्हे मिळाली.

हा दोष १९२८ मध्ये प्रथमच लक्षात आला, असेही नाही. १८६० नंतरच्या दशकात मुनीफ पाशा आणि अझरबैजानचे आखुंदजादे यांनी लिपिसुधारणेचे विचार इस्तंबूलमध्ये मांडले होते. पहिल्या महायुद्धाच्या सुमारास एन्व्हर पाशांनी सुटी अक्षरे लिहिण्याचा प्रयोग सैन्यात केला. १९२३ च्या इझमीर आर्थिक परिषदेत रोमन लिपीची सूचना आली, तेव्हा अध्यक्ष काझिम काराबेकिर यांनी ती फेटाळली. १९२६ मध्ये बाकू येथील परिषदेने सोव्हिएत संघातील तुर्की कुळाच्या भाषांसाठी रोमन लिपीचा पुरस्कार केला. तात्पर्य, निदान जुनेच होते. नवी होती ती घाई.

घाईचे कारण राजकीय होते. भाषामंडळाचे सदस्य फालिह रिफ्की यांनी आपल्या आठवणींत नमूद केल्याप्रमाणे, संक्रमणासाठी पाच ते पंधरा वर्षांची मुदत सुचविली गेली होती. केमाल यांनी ती तीन महिन्यांवर आणली. वृत्तपत्राचा अर्धा भाग जुन्या लिपीत राहिला, तर लोक तेवढाच वाचतील, हा त्यांचा युक्तिवाद होता. तो व्यवहारतः चुकीचा नव्हता. परंतु दोन लिपी शेजारी नांदू न दिल्यामुळे जुनी लिपी एका पिढीतच तज्ज्ञांपुरती उरली.

साक्षरतेच्या दृष्टीने पाहता, १९२७ च्या शिरगणतीत सुमारे एक दशांश लोक साक्षर आढळले. १९३५ मध्ये हे प्रमाण सुमारे एक पंचमांश झाले. या वाढीचे श्रेय केवळ अक्षरांना देणे योग्य नव्हे. १ जानेवारी १९२९ पासून सुरू झालेल्या ‘राष्ट्रशाळां’तील प्रौढवर्गांचाही त्यात वाटा होता. अधिक अवघड लिपी असूनही जपानने सार्वत्रिक शिक्षणाच्या बळावर व्यापक साक्षरता साधली होती, हे येथे लक्षात घ्यावे.

किंमतीचा हिशेब याहून कठीण आहे. बहुसंख्य निरक्षरांना नवी लिपी ही पहिलीच लिपी होती. त्यांचे काही गेले नाही. जे वाचू शकत होते, त्यांना मात्र पुन्हा मुळाक्षरांपासून आरंभ करावा लागला. पुढील पिढ्यांना आजोबांची पत्रे, थडग्यांवरील लेख आणि दप्तरखान्यातील कागद वाचता येईनासे झाले. मोडीतील रुमाल उलगडण्यासाठी जाणकार शोधावा लागणाऱ्या मराठी संशोधकाला ही अडचण समजावून सांगण्याची गरज नाही. फरक इतकाच, की मोडीमागे देवनागरी आधीपासूनच उभी होती.

१९३२ मध्ये स्थापन झालेल्या भाषासंस्थेने अरबी-फारसी शब्द वगळण्याचे कार्य हाती घेतले. लिपी बदलणे आणि शब्दसंग्रह बदलणे या भिन्न क्रिया होत. पण पहिलीने दुसरीचा मार्ग सुकर केला. ऑक्टोबर १९२७ मध्ये केमाल यांनी सहा दिवस केलेले प्रदीर्घ भाषण जुन्या लिपीत छापले गेले होते. पुढे ते नव्या अक्षरांत आणावे लागलेच, शिवाय कालांतराने त्याच्या भाषेचेही सुलभीकरण करावे लागले. प्रजासत्ताकाच्या संस्थापकाचे शब्दच त्याच्या नातवंडांच्या पिढीला दुर्बोध झाले. १९२८ च्या निर्णयाने लेखन उच्चाराच्या जवळ आणले, हे निर्विवाद होय. वाचकाला त्याच्या भूतकाळापासून त्याने किती दूर नेले, याचे उत्तर या भाषणाच्या बदलत्या आवृत्त्यांत सापडते.