पेसकाराचा धोटा

मालेगाव म्हटले की वाचकाच्या मनात नाशिक जिल्ह्यातील यंत्रमागांचे शहर उभे राहते. आम्ही मात्र वाशीम जिल्ह्यातील मालेगावापासून आरंभ करतो. हा वऱ्हाडच्या काळ्या, कापूस पिकविणाऱ्या भूमीचा भाग. आणि या कापसाचे कापड करणारे हात कोणाचे होते, हा प्रश्न इतिहासाने क्वचितच विचारला. लगतच्या मध्यप्रांतातील जातींविषयी रसेल व हिरालाल यांचा ग्रंथ १९१६ साली प्रसिद्ध झाला. त्यात महारांच्या व्यवसायांमध्ये जाडेभरडे कापड विणण्याची स्पष्ट नोंद आहे. ज्यांना केवळ गावकीचे चाकर म्हणून दाखविले जाते, ते कारागीरही होते.

विणकर खड्ड्यात पाय सोडून मागावर बसे. खळ दिलेला ताणा समोर ताणलेला असे. पावडी दाबली की त्याचे पदर वेगळे होत, त्यांमधून धोटा बाण्याचे सूत नेई आणि फणीच्या ठोक्याने ते घट्ट बसे. पालि वाङ्मयात हा विणकर 'पेसकार', त्याचा धोटा 'तसर'. आप्त नसलेल्या गृहस्थाने चीवरासाठी विणावयास दिलेले कापड लांब, रुंद, घट्ट करा, असे विणकराला परस्पर सांगून त्याला काही देऊ करणाऱ्या भिक्षूस विनयाने दोषी ठरविले आहे. नियम भिक्षूंचा, भाषा मात्र मागावरची!

याच विनयपिटकात, पाचित्तिय विभागाच्या दुसऱ्या नियमाच्या विवरणात, हीन शिल्पांची यादी येते. तीत बुरूड, कुंभार, चर्मकार, न्हावी यांच्यासह पेसकाराचे शिल्पही आहे. हे वाचून आमचे काही विद्यार्थी अस्वस्थ होतात. त्यांनी दोन गोष्टी पाहाव्यात. हा नियमच मुळी जन्म किंवा शिल्प काढून भिक्षूचा अपमान करण्यास मनाई करणारा आहे. शिवाय यादीच्या शेवटी, त्या त्या जनपदात जे अवमानिले जाते ते, असे शब्द आहेत. हीनता शिल्पात नसून जनपदाच्या दृष्टीत आहे, असाच अर्थ आम्ही त्यातून घेतो.

मुंबईच्या गिरण्यांत ही दृष्टी यंत्रापर्यंत पोहोचली. धोट्यातील कांडी संपली की नव्या कांडीचे सूत छिद्रातून तोंडाने ओढून घ्यावे लागे. अस्पृश्याचे ओठ लागलेला धोटा आपण तोंडी कसा लावावा, ही सवर्ण कामगारांची हरकत होती. त्यामुळे अधिक मजुरीचे विणकाम खाते अस्पृश्यांना बंद राहिले. त्यांच्या वाट्याला कमी मजुरीचे सूतकताईचे काम आले. १९२८ च्या गिरणी संपाच्या काळात बाबासाहेबांनी ही बंदी कामगारपुढाऱ्यांसमोर उघडपणे मांडली.