किल्ली कोणाच्या भरवशावर द्यायची?

तुम्ही सुट्टीत माझ्या घरी राहायचे आणि मी तुमच्या घरी, भाडे कोणी कोणाला द्यायचे नाही. घरांच्या अशा अदलाबदलीचे क्लब जगात सत्तर वर्षांहून अधिक काळ चालू आहेत. शिरूरच्या किंवा दौंडच्या माणसाला हे परदेशी खूळ वाटेल. पण याची सुरुवात शिक्षकांनी केली हे वाचले तेव्हा मला मुळीच नवल वाटले नाही. लांब सुट्टी आणि बेताचा पगार ही जोडगोळी जगभर शिक्षकांच्या वाट्याला येते.

१९५३ साली युरोपातल्या, मुख्यतः स्वित्झर्लंड आणि हॉलंडमधल्या शिक्षकांनी इंटरव्हॅक सुरू केले. सभासदांच्या घरांची छापील यादी निघायची. घर पसंत पडले की त्या घरमालकाला पत्र लिहायचे आणि पुढचे सारे दोघांनी आपसांत ठरवायचे. १९९२ मध्ये अमेरिकेत एड कुशिन्स यांनी होमएक्स्चेंजचा धंदा सुरू केला. आधी छापील यादी आणि मग इंटरनेट. २०१७ साली गेस्टटुगेस्ट या फ्रेंच कंपनीने तो विकत घेतला. आता तिथे गुणांची पद्धत आहे. तुमच्या घरी कोणी राहून गेले की तुमच्या खात्यात गुण जमा होतात, आणि ते तुम्ही भलत्याच कोणाच्या घरी राहून खर्च करू शकता.

आता मुद्दा सेवेचा. हौसेने चालणाऱ्या क्लबात पत्राला उत्तर देणारा माणूस स्वतःही आपले घर देणारा असतो. तो आपुलकीने लिहितो, दोन गोष्टी जास्तीच्या सांगतो. पण तो आजारी पडला, किंवा त्याच्या घरी लग्नकार्य निघाले, की पत्रे पडून राहतात. पाहुण्याने ऐनवेळी बेत रद्द केला तर तो हळहळतो, पण दुसरे घर कुठून आणणार? आणि फुकट राबणाऱ्याला जाब तरी कोणत्या तोंडाने विचारायचा? धंदेवाईक क्लबात उलटे असते. तिथे वर्गणी भरलेली असते, ओळखीची पडताळणी असते, नुकसानीची आणि रद्द झालेल्या मुक्कामाची तरतूद असते. उत्तर देणारा तुम्हाला ओळखत नाही, पण उत्तर देणे हे त्याचे काम असते. थोडक्यात, एकीकडे माया आहे पण हक्क नाही, दुसरीकडे हक्क आहे पण माया नाही.

एवढ्यावरच थांबलो असतो तर 'पैसे भरा आणि निश्चिंत व्हा' असा सोपा निष्कर्ष निघाला असता. पण काउचसर्फिंगची हकिकत वाचली आणि विचारात पडलो. यात घरांची अदलाबदल नसते, प्रवाशाला आपल्या घरी फुकट झोपायला जागा द्यायची असते. २००४ साली त्याचे संकेतस्थळ सुरू झाले. २००६ मध्ये त्यावरची माहिती मोठ्या प्रमाणात नष्ट झाली आणि संस्थापकाने सगळे संपल्याचे जाहीरही केले. ते पुन्हा उभे केले ते स्वयंसेवकांनी, एक पैसा न घेता. २०११ साली त्याची नफ्यासाठी चालणारी कंपनी झाली. मे २०२० मध्ये, टाळेबंदीत प्रवास ठप्प असताना, अनेक देशांतल्या सभासदांना सांगण्यात आले की वर्गणी भरल्याशिवाय आत येता येणार नाही. वर्षानुवर्षे पाहुण्यांची उस्तवार करणाऱ्यांना आपलीच जुनी ओळखपाळख बघायला पैसे मोजावे लागले. पंगत वाढली गावाने आणि भांडी निघाली भलत्याच्याच नावावर, असा प्रकार झाला.

मग हौशी संस्थेला शिस्त येतच नाही का? येते. १९४९ साली डेन्मार्कमध्ये बॉब लुइटवीलर आणि त्यांच्या तरुण सोबत्यांनी शांततेच्या ध्येयाने जी संस्था सुरू केली, तिचे नाव पुढे सर्वास झाले. ती आजही स्वयंसेवक चालवतात. पण कोणीही उठून पाहुणा होऊ शकत नाही. आधी मुलाखत होते, मग ओळखपत्र मिळते आणि मुक्काम साधारण दोन रात्रींचा. यजमानाने पैसे घ्यायचे नाहीत हा नियम.

आणि लांब कशाला जायचे? तुकोबांची पालखी दौंड तालुक्यात यवत आणि वरवंडला मुक्काम करते. यवतला गावकरी पिठलं-भाकरीचे जेवण घालतात. तिथे भाकरी जाड झाली म्हणून कोणी तक्रार करत नाही, कारण ते देणे आहे. पण तोच वारकरी आपल्या दिंडीत भिशी भरतो आणि तिथे जेवणाची, तंबूची, सामानाच्या ट्रकची चौकशी हक्काने करतो. दिंड्यांना क्रमांक आहेत, मानाप्रमाणे जागा ठरलेल्या आहेत, आणि चोपदाराने चोप उंचावला की हजारो माणसे गप्प होतात. कोणती गोष्ट मायेची आणि कोणती हिशोबाची, हे आपल्या माणसांनी फार पूर्वीच वेगळे करून ठेवले आहे.

मला वाटते, धंदेवाईक की हौशी हा प्रश्न दुय्यम आहे. विचारायचे ते दोनच प्रश्न. तक्रार ऐकणारा नेमलेला माणूस आहे का? आणि सभासदांची वही कोणाच्या मालकीची आहे? पहिल्याचे उत्तर नसेल तर आज पंचाईत होईल. दुसऱ्याचे नसेल तर दहा वर्षांनी.

आज शिरूरला आणि दौंडला मुले पुण्याला किंवा परदेशी गेल्यामुळे किती घरे कुलूप लावून उभी आहेत! किल्ली शेजाऱ्याकडे आणि आठवड्यातून एकदा झाडलोट. दहा-वीस निवृत्त माणसांनी मनावर घेतले तर कोकणातल्या, विदर्भातल्या अशाच मंडळींशी अदलाबदल सहज जमेल. फक्त पहिल्या बैठकीत चहाच्या आधी नियम लिहून काढावेत, आणि वही सगळ्यांच्या नावावर ठेवावी.