राहुलोवाद : आत्मपरीक्षणाचा वारसा

विद्यार्थ्याने आपल्या अध्ययनाचे परीक्षण स्वतः करावे, हा विचार आधुनिक शिक्षणशास्त्राची देणगी मानला जातो. परंतु मज्झिम निकायातील अंबलट्ठिक राहुलोवाद सुत्तात तो आम्हांस स्पष्टपणे आढळतो. आरसा जसा पाहण्यासाठी, तसे काया, वाचा व मनाचे प्रत्येक कर्म करण्यापूर्वी, करताना आणि केल्यानंतर तपासावे, असा उपदेश तथागतांनी राहुलास केला. काया-वाचेच्या कर्मात दोष आढळल्यास तो शास्त्यापुढे वा सुज्ञ सहब्रह्मचाऱ्यांपुढे उघड करून पुढे संयम राखावा, असेही सांगितले.

इ. स. पूर्व तिसऱ्या शतकात सम्राट अशोकाने बैराटच्या शिलालेखात सात धम्मग्रंथांची शिफारस केली. त्यांतील असत्य भाषणाविषयीचा ‘लाघुलोवाद’ हाच उपदेश होय, असे अनेक विद्वान मानतात. भिक्षु-भिक्षुणींप्रमाणेच उपासक-उपासिकांनीही हे ग्रंथ वारंवार ऐकावेत व मनात धारण करावेत, अशी त्याची इच्छा होती.

डॉ. बाबासाहेबांनी औरंगाबादच्या महाविद्यालयास नाव दिले तेही नागसेनास प्रश्न विचारणाऱ्या मिलिंद राजाचे. आपल्या विहारांतील अभ्यासिकांत केवळ पाठांतरच होत असेल, तर हा वारसा आपण गमावू. काय समजले, काय उमगले नाही आणि का, हे विद्यार्थ्याने रोज स्वतःस विचारावे. ‘अत्त दीप भव’ या वचनाचे आचरण तेथूनच सुरू होते.