सत्रकालीन रजा (हुबळी-धारवाड)

शाळेचे सत्र चालू असता प्रवास, सण, विवाह वा देवदर्शन यांसाठी आईबापांनी मुलास काही दिवस शाळेतून काढून नेणे, यास सत्रकालीन रजा म्हणावे. ऊसतोडीच्या हंगामात बीडकडील मजुरांची मुले महिनोन्महिने शाळेस मुकतात, त्यांचा समावेश या नोंदीत नाही. तेथे पोटाची निकड असते, येथे आईबापांची निवड असते.

मुंबई राज्यातील धारवाड जिल्हा १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यपुनर्रचनेने म्हैसूर (आताच्या कर्नाटक) राज्यात गेला, आणि येथील शाळांचे वेळापत्रक बंगळूरच्या हुकुमाने ठरू लागले. परंतु मराठी घरांची सोयरीक बेळगाव, कोल्हापूर, मिरज, पुणे या बाजूसच राहिली. कर्नाटकात उन्हाळी सुटी एप्रिलच्या पूर्वार्धात लागून मेअखेर संपते, तर महाराष्ट्रातील बहुतेक शाळा जूनच्या मध्यास उघडतात. मधली मोठी सुटी कर्नाटकात दसऱ्याची, महाराष्ट्रात दिवाळीची. नरकचतुर्दशी आणि बलिप्रतिपदा या दिवशी कर्नाटकात सरकारी सुटी असते, भाऊबीजेस नसते. माहेरी निघालेली आई पाडव्याच्या रात्रीच मुलांना घेऊन मिरजेकडील गाडीत बसते, आणि भाऊबीजेच्या सकाळी धारवाडच्या वर्गात तिच्या मुलाच्या नावापुढे हजेरीपटात गैरहजेरीची खूण पडते. या गैरहजेरीस आईबापांची बेपर्वाई म्हणणे अन्यायाचे होईल. दोन राज्यांच्या पंचांगांचा मेळ बसत नाही, त्याचे ते फळ आहे.

महाराष्ट्रातील सुटी संपण्याआधी जूनमध्ये होणाऱ्या लग्नांची गोष्ट निराळी. नवीन वर्षाच्या आरंभी येथील शाळांतून ‘सेतुबंध’ नावाची उजळणी चालते. मागील इयत्तेतले जे कच्चे राहिले असेल ते याच दिवसांत पक्के करून घेतात. ज्या मुलाच्या घरी मराठी आणि शाळेत कन्नड, त्याची कन्नड उन्हाळ्याच्या सुटीत आधीच मागे पडलेली असते. तेच मूल जूनच्या पहिल्या पंधरवड्यात कोल्हापूरच्या मांडवात असले, तर परत आल्यावर शेजाऱ्याची वही उतरवून काढते, पण फळ्यावर पायरीपायरीने समजाविलेला भागाकार त्या वहीत सापडत नाही.

गैरहजेरीबद्दल पालकांस दंड करण्याची कल्पना आपल्याकडे नवी नाही. शाहू महाराजांनी १९१७ मध्ये कोल्हापूर संस्थानात प्राथमिक शिक्षण मोफत व सक्तीचे केले, तेव्हा मूल शाळेत न पाठविणाऱ्या पालकास दरमहा एक रुपया दंड ठेवला होता. इंग्लंडात २०१३ पासून मुख्याध्यापकांची सत्रकालीन रजा देण्याची मुभा अपवादात्मक प्रसंगांपुरतीच उरली. मुलीस सत्र चालू असता फ्लोरिडाच्या सहलीस नेणाऱ्या आइल ऑफ वाइटच्या एका पित्याच्या खटल्यात तेथील सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये असा निर्वाळा दिला, की नियमित हजेरी म्हणजे शाळेच्या नियमांबरहुकूम हजेरी. भारतात १ एप्रिल २०१० पासून अंमलात असलेल्या शिक्षणहक्क कायद्याने मूल शाळेत दाखल करण्याचे कर्तव्य आईबापांवर आणि त्याची हजेरी राखण्याची जबाबदारी सरकार व स्थानिक संस्था यांच्यावर सोपविली. पाचवीपर्यंत वर्षास किमान २०० आणि सहावी ते आठवीस २२० दिवस शाळा भरली पाहिजे असे ठरविले. रजेबद्दल दंड मात्र ठेवला नाही. दहावीच्या परीक्षेस ७५ टक्के हजेरीची अट असल्याने त्या वर्षी पालक आपण होऊनच सावध होतात.

या प्रघातातील सर्वांत वाईट भाग चिठ्ठीचा आहे. खरे कारण लिहिल्यास रजा नामंजूर होईल या धास्तीने पुष्कळ पालक ‘ताप आल्यामुळे’ असे लिहून देतात, आणि ती चिठ्ठी नेऊन गुरुजींपुढे ठेवण्याचे काम त्या मुलाकडेच येते. पालकांनी अर्ज आगाऊ द्यावा, त्यात लग्न असेल तर लग्न, सण असेल तर सण असे स्पष्ट लिहावे, आणि चुकणारे धडे कोणते हे विचारून घ्यावे. जेथे मराठी मुलांची संख्या बरीच आहे तेथे भाऊबीजेचा दिवस शाळेने मोकळा द्यावा. जूनचा पहिला पंधरवडा मात्र पालकांनी मागू नये.