श्वानाहार, घरगुती
घरी शिजविलेल्या अन्नातून कुत्र्याला सर्व पोषकद्रव्ये योग्य प्रमाणात पुरविण्याची आहारपद्धती. सोलापूर जिल्ह्यात, जेथे मंगळवेढ्याच्या मालदांडी ज्वारीची भाकरी हेच रयतेचे मुख्य अन्न आहे, तेथे राखणीच्या कुत्र्यास आणि दख्खनच्या पठारावरील सडपातळ कारवान श्वानासही दुधात कुस्करलेली भाकरी घालण्याचा शिरस्ता जुना आहे. परंतु ज्वारीच्या प्रथिनांत लायसीन हे अमिनो अम्ल अल्प आणि धान्यात कॅल्शियम तुटपुंजे असल्यामुळे, केवळ भाकरीने क्षुधा शमली तरी वाढत्या पिलाचे पोषण होत नाही, ही गोष्ट मायेने घास घालणाऱ्याने अवश्य ध्यानी घ्यावी. लायसीनची उणीव अंडी वा मांस भरून काढतात. मात्र अस्थिरहित मांसात फॉस्फरस मुबलक व कॅल्शियम नगण्य असल्याने, कॅल्शियम व फॉस्फरस यांचे प्रमाण १:१ ते २:१ राखण्याकरिता अंड्याच्या कवचाची वस्त्रगाळ पूड (एका कवचात सुमारे २ ग्रॅम कॅल्शियम) मिसळणे इष्ट होय. आयोडीन, जस्त, ड व ई जीवनसत्त्वे यांची तजवीज पशुवैद्याच्या सल्ल्यानेच करावी; २०१३ साली डेव्हिस येथील कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या संशोधकांनी तपासलेल्या २०० पाककृतींपैकी सुमारे ९५ टक्के पाककृतींत किमान एक आवश्यक घटक अपुरा आढळला.

कांदा व लसूण श्वानाच्या रक्तातील तांबड्या पेशींचा नाश करतात, म्हणून लसूण घातलेल्या शेंगाचटणीने माखलेली उरलेली भाकरी त्यास मुळीच घालू नये. पंढरपूर परिसरात मुबलक पिकणारी द्राक्षे, तसेच बेदाणे, त्याच्या मूत्रपिंडास घातक ठरतात. शिजविलेले हाड फुटून अन्ननलिकेत रुतते.