सरकारी वकिलाला गप्प कोण बसवतं?

घनसावंगी तालुक्यात आमच्या वस्तीवर हल्ला झाला की आम्ही आधी विचारतो, सरकारी वकील कोण? कारण अ‍ॅट्रॉसिटीचा खटला फिर्यादी चालवत नाही, सरकार चालवतं. वकीलच दबावाखाली असेल तर कायदा कागदावरच राहतो.

हा दबाव नवा नाही. १९९० मध्ये उत्तर प्रदेश सरकारने राज्यभरातल्या जिल्हा सरकारी वकिलांच्या नेमणुका एका फटक्यात संपवल्या. श्रीलेखा विद्यार्थी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने तो आदेश त्याच वर्षी रद्द केला. सरकारी वकिली हे सार्वजनिक पद आहे, तिथे मनमानी केली तर संविधानाच्या कलम १४ चा भंग होतो, हा त्या निकालाचा गाभा.

मग महाराष्ट्रात काय झालं? २९ सप्टेंबर २००८ रोजी मालेगावात स्फोट झाला, सहा माणसं मेली. हेमंत करकरेंच्या एटीएसने तपास केला, रोहिणी सालियन विशेष सरकारी वकील होत्या. २०११ मध्ये तपास एनआयएकडे गेला. जून २०१५ मध्ये सालियन यांनी जाहीरपणे सांगितलं : केंद्रात नवं सरकार आल्यावर एनआयएच्या अधिकाऱ्याने आपल्याला आरोपींबाबत नरमाईने घ्यायला सांगितलं आणि पुढे आपल्याऐवजी दुसरा वकील उभा राहील असंही कळवलं. एनआयएने आरोप फेटाळला. ३१ जुलै २०२५ रोजी विशेष न्यायालयाने पुराव्याअभावी सातही आरोपींना निर्दोष सोडलं.

निकाल न्यायालयाचा आहे. आमचा प्रश्न वेगळा आहे. मुंबईतल्या नामवंत वकील बाईंना असा अनुभव आला असं त्या सांगतात, तर जिल्ह्याच्या न्यायालयात नेमणुकीच्या मुदतवाढीची वाट बघणारा वकील कुणाविरुद्ध तोंड उघडेल? त्याची नेमणूक सरकारच्या हातात, फी सरकारच्या हातात, आणि आरोपीचा पाहुणा पुढाऱ्याच्या ओसरीवर!

बाबासाहेबांनी संविधान सभेत बजावलं होतं, राबवणारे वाईट निघाले तर चांगलं संविधानही वाईट ठरतं. म्हणून नुसते मोर्चे काढून भागणार नाही. अ‍ॅट्रॉसिटी नियम १९९५ मधल्या नियम ४(५) नुसार पीडितांच्या इच्छेवरून जिल्हाधिकारी नामवंत ज्येष्ठ वकील नेमू शकतात. तो अर्ज पहिल्याच आठवड्यात द्या, पोच घ्या. वकील बदलला तर कारण लेखी मागा. आणि जो सरकारी वकील दबावाविरुद्ध बोलेल, त्याच्या पाठीशी समाज म्हणून उभे राहा. तो एकटा पडला तर उद्या आपला खटला पडेल.

जयभीम!