दुर्बिणीचे तीन प्रश्न



आजचा विषय म्हणजे कॉम्प्युटरवर चालणारी दुर्बीण. मुलांच्या वाढदिवसाला, नातवंडांच्या दहावीच्या निकालाला अशी दुर्बीण आता बऱ्याच घरांत येते. रिमोटवर ‘शनी’ निवडा, बटण दाबा, दुर्बीण आपोआप शनीकडे वळेल, असं खोक्यावर लिहिलेलं असतं. पहिल्या रात्री सगळं घर गच्चीवर जमतं. बटण दाबलं की मोटार घरघरते, नळी ऐटीत फिरते आणि समोरच्या इमारतीच्या पाण्याच्या टाकीवर येऊन थांबते. दोन-तीन रात्री असं झालं की दुर्बीण कपाटावर जाते, ती कायमचीच.

निवृत्तीनंतर मी शाळांच्या आणि सोसायट्यांच्या गच्चीवर ही यंत्रं लावून द्यायला जातो. ‘यंत्र बिघडलंय’ ही तक्रार हमखास ऐकू येते. बहुतेक वेळा यंत्र धडधाकट असतं. त्याने तीन साधे प्रश्न विचारलेले असतात आणि त्यांची उत्तरं कोणीतरी घाईघाईत दिलेली असतात. तू कुठे आहेस? आत्ता किती वाजले? आणि माझं तोंड कुठल्या दिशेला आहे?

माझी नोकरी तोफखान्यात झाली. तोफेचेही पहिले प्रश्न हेच असतात. तोफ नकाशावर नक्की कुठे उभी आहे आणि तिचं तोंड नक्की कुठल्या दिशेला आहे, हे ठरल्याशिवाय पुढचं सगळं गणित फोल. त्यामुळे दुर्बिणीचा रिमोट पहिल्यांदा हातात घेतला तेव्हा मला तो ओळखीचा वाटला. नंतर वाचत गेलो, तसं लक्षात आलं की या तीन प्रश्नांची उत्तरं शोधण्यात आपल्या देशात माणसांनी आयुष्यं घालवली आहेत. आज तीच गोष्ट सांगतो आणि जाता जाता दुर्बीण कशी लावायची तेही सांगतो.

पहिला प्रश्न, तू कुठे आहेस?

आज फोन उघडला की अक्षांश-रेखांश समोर येतात. १८०२ च्या एप्रिलमध्ये विल्यम लँबटन मद्रासजवळच्या सेंट थॉमस माउंटच्या पायथ्याशी उभा राहिला, तेव्हा हाच आकडा काढण्यासाठी त्याने पोलादी साखळीने जमीन मोजायला घेतली. सुमारे १२ किलोमीटरची ती एक सरळ रेषा. तिच्या आधाराने त्रिकोणामागून त्रिकोण जोडत भारताची मोठी त्रिकोणमितीय मोजणी उभी राहिली. कोन मोजायला त्याच्याकडे जो थिओडोलाइट होता, त्याचं वजन जवळजवळ अर्धा टन होतं. आणि जमिनीवरची मोजणी तपासायला त्याला आकाशच लागायचं. रात्री माथ्यावरून जाणाऱ्या ताऱ्यांचे कोन घेऊन तो अक्षांश काढत असे.

१८०८ मध्ये हे धूड तंजावरच्या मोठ्या देवळावर चढवताना दोर तुटला. थिओडोलाइट भिंतीवर आदळला आणि त्याचं वर्तुळ वाकलं. तंजावरच्या गादीवर तेव्हा आपले सरफोजीराजे भोसले होते. लँबटनने स्वतःला कोंडून घेतलं आणि सुमारे सहा आठवडे खपून ते वर्तुळ पुन्हा जागेवर आणलं. पुढे मोजणी उत्तरेकडे सरकत राहिली. १८२३ च्या जानेवारीत लँबटन वारला तो आपल्या वर्धा जिल्ह्यातल्या हिंगणघाटला. त्याची कबरही तिथेच आहे. कामावर असतानाच गेला.

त्याच्या मानाने आपलं काम किती सोपं! रिमोटवर शहरांची यादी असते. तुमचं गाव त्यात नसेल तर जवळचं मोठं शहर चालतं. एक अंश अक्षांश म्हणजे साधारण १११ किलोमीटर, म्हणजे ५०-६० किलोमीटरचा फरक जेमतेम अर्धा अंश होतो. फोनवरचे आकडे भरले तर उत्तमच. फक्त रेखांशापुढे ‘पूर्व’ निवडलंय ना, हे बघा. बरीच यंत्रं अमेरिकेतल्या ग्राहकाला धरून बनवलेली असतात. ‘पश्चिम’ तसंच राहिलं तर दुर्बीण तुम्हाला पृथ्वीच्या पार पलीकडच्या बाजूला समजते.

दुसरा प्रश्न, किती वाजले?

हा प्रश्न दिसायला सर्वांत साधा, पण सर्वाधिक गोंधळ इथेच होतो. पृथ्वी तासाला १५ अंश फिरते, म्हणजे दर ४ मिनिटांना एक अंश. पौर्णिमेचा चंद्र अर्ध्या अंशाचा दिसतो. म्हणजे घड्याळ ४ मिनिटं चुकलं की दुर्बिणीचा अंदाज दोन चंद्रांएवढा चुकला.

आपल्याकडे अचूक वेळ ठेवायचं काम मद्रास वेधशाळेने केलं. ईस्ट इंडिया कंपनीची ही वेधशाळा १७९२ मध्ये नुंगमबाक्कमला उभी राहिली. तिथला उपकरणाचा ग्रॅनाइटचा खांब चेन्नईच्या हवामान केंद्राच्या आवारात अजून आहे. तारे मध्यान्हरेषा ओलांडतात त्या क्षणावरून तिथे घड्याळ लावलं जाई. पुढे रेल्वेचं वेळापत्रक मद्रास वेळेवर चालू लागलं. शहरांच्या वेळा मात्र वेगवेगळ्याच होत्या. १ जानेवारी १९०६ पासून साडेब्याऐंशी अंश पूर्व रेखांशावरची वेळ सगळ्या देशासाठी ठरली. मुंबईला ती पटेना. मुंबईची स्वतःची वेळ या नव्या वेळेच्या ३९ मिनिटं मागे होती, आणि पुढे कित्येक वर्षं त्या शहरात दोन वेळांचा घोळ चालू राहिला.

३९ मिनिटं म्हणजे आकाशात जवळजवळ १० अंश. हात लांब करून मूठ धरा, ती मूठ साधारण १० अंश झाकते. दोन वेळांमधला वाद म्हणजे आकाशात एक मूठभर अंतर. सूर्याला हा ठराव ठाऊक नाही. भारतीय घड्याळाने बघितलं तर मुंबईत तो सरासरीने १२ वाजून ३९ मिनिटांच्या सुमाराला डोक्यावरची रेषा ओलांडतो आणि आसामात दिब्रुगडला ११ वाजून १० मिनिटांच्या आसपास. हा हिशेब तुमची दुर्बीण रेखांशावरून स्वतः करते. तुम्ही तिला फक्त भारतीय प्रमाणवेळ सांगायची, तीही फोनवरून मिनिटाला मिनिट जुळवून.

इथे तीन ठिकाणी डोळे उघडे ठेवा. विभागाची वेळ ‘अधिक ५:३०’ असावी. ‘डेलाइट सेव्हिंग’ बंद असावं, नाहीतर एका तासाने, म्हणजे १५ अंशांनी घोटाळा. आणि तारीख. कित्येक रिमोट महिना आधी आणि दिवस नंतर मागतात. ५ ऑगस्ट आपल्या सवयीने भरलात तर दुर्बीण ८ मे समजते आणि मे महिन्याचं आकाश शोधत बसते. पाण्याच्या टाकीचं रहस्य बहुधा इथेच सापडतं.

तिसरा प्रश्न, तोंड कुठे?

याचं सर्वांत देखणं उत्तर सवाई जयसिंहाने दगडचुन्यात देऊन ठेवलं आहे. अठराव्या शतकात त्याने दिल्ली, जयपूर, उज्जैन, काशी आणि मथुरा इथे वेधशाळा बांधल्या. मथुरेची आता उरलेली नाही. जयपूरचं सम्राट यंत्र सुमारे २७ मीटर उंच आहे. त्याचा उतरता कठडा थेट उत्तर ध्रुवबिंदूकडे रोखलेला आहे, म्हणून त्याचा चढ जयपूरच्या अक्षांशाएवढा, म्हणजे २७ अंश आहे. उज्जैनला तेच यंत्र २३ अंशांवर आहे. कारण सोपं आहे. ध्रुवतारा क्षितिजापासून जितक्या अंशांवर दिसतो, तितका त्या गावाचा अक्षांश. चेन्नईत १३, पुण्यात साडेअठरा, दिल्लीत साडेअठ्ठावीस, लेहला ३४.

जयसिंहाचं यंत्र एकदा दिशा साधून कायमचं बांधलेलं. ते उचलून दुसऱ्या गावी नेता येत नाही. आपली दुर्बीण रोज उचलली जाते, म्हणून तिची दिशा रोज नव्याने साधावी लागते. त्यालाच रिमोटवर ‘अलाइनमेंट’ म्हणतात. तुम्ही एक तारा नेमका मध्यभागी आणून सांगता, ‘हा स्वाती.’ मग दुसरा, ‘ही मघा.’ दोन ओळखीच्या खुणा मिळाल्या की यंत्र स्वतःची दिशा आणि तिरपेपणा गणिताने काढतं. नकाशा हातात घेऊन दोन ओळखीच्या डोंगरांवरून आपली जागा काढणारा जवान हेच करतो.

या गणितासाठी कॉम्प्युटर दुर्बिणीच्या पायात येऊन बसला त्याला फार वर्षं झालेली नाहीत. हौशी लोकांसाठी १९९२ मध्ये मीड कंपनीची एलएक्स२०० आली आणि तिथून ही पद्धत रुळत गेली. आपल्या मोठ्या दुर्बिणींनीही असाच प्रवास केला. तमिळनाडूतल्या कावलूरला २.३ मीटरची वेणू बाप्पू दुर्बीण १९८६ मध्ये सुरू झाली, ती आपल्याच देशात घडवलेली. लडाखमध्ये हानलेला साडेचार हजार मीटर उंचीवर २ मीटरची हिमालयन चंद्र दुर्बीण आहे. तिने २००० साली पहिला प्रकाश टिपला. तिला चालवणारे खगोलशास्त्रज्ञ बंगळूरुजवळच्या होसकोटेला बसतात, मधला दुवा उपग्रहाचा. पण त्या दुर्बिणीलाही ओळखीचे तारे दाखवून तिच्या चुका मोजाव्या लागतातच. तुमच्या गच्चीवरच्या यंत्राची आणि तिची शिस्त एकच.

आता मुद्द्याची गोष्ट. ‘ही मघा’ असं यंत्राला सांगायचं तर मघा आधी आपल्याला ओळखता यायला हवी. तिथे कॉम्प्युटर मदतीला येत नाही, येतो तो माणूस. ओडिशातल्या खंडपाडाचे सामंत चंद्रशेखर यांनी बांबू आणि लाकडाची उपकरणं स्वतः करून आयुष्यभर ग्रहतारे मोजले आणि ‘सिद्धान्त दर्पण’ लिहिला. मद्रास वेधशाळेतले चिंतामणी रघुनाथाचारी यांनी १८६७ मध्ये एक रूपविकारी तारा शोधला. १८७४ च्या शुक्राच्या अधिक्रमणाआधी त्यांनी सामान्य वाचकांसाठी भारतीय भाषांतून पुस्तिका काढली.

आणि आपल्या पुण्याचं उदाहरण विसरू नका. १८८८ मध्ये कॉलेज ऑफ सायन्समध्ये कावसजी दादाभाई नायगमवाला यांनी भावनगरच्या महाराजांच्या मदतीने वेधशाळा उभारली. २० इंची आरशाची तिथली दुर्बीण त्या काळी देशातली सर्वांत मोठी होती. १९१२ मध्ये नायगमवाला निवृत्त झाले, वेधशाळा बंद झाली आणि दुर्बीण उतरवून कोडाईकनालला पाठवली गेली. चालवणारा माणूस गेला आणि पुण्याची वेधशाळाही गेली. घरातल्या कपाटावरचं खोकं म्हणजे याच गोष्टीची छोटी आवृत्ती.

म्हणून दुर्बीण घेण्याआधी पाच तारे ओळखायला शिका. नावं आपल्याकडे आहेतच, फक्त रिमोटला ती परदेशी नावांनी ठाऊक आहेत. व्याध म्हणजे सिरियस, रोहिणी म्हणजे अल्डेबरन, मघा म्हणजे रेग्युलस, चित्रा म्हणजे स्पायका, स्वाती म्हणजे आर्क्टुरस, ज्येष्ठा म्हणजे अँटारेस, अभिजित म्हणजे वेगा, श्रवण म्हणजे अल्टेअर. एवढा कागद रिमोटला चिकटवून टाका. फेब्रुवारीच्या संध्याकाळी व्याध आणि ब्रह्महृदय, म्हणजे कॅपेला, ही जोडी घ्या. मे महिन्यात स्वाती आणि मघा. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये पश्चिमेकडे अभिजित आणि श्रवण. दोन तारे एकमेकांपासून दूर असावेत, अगदी माथ्यावर किंवा क्षितिजाला टेकलेले नसावेत.

आता आज रात्रीचा कार्यक्रम.

दिवसाउजेडी दूरचा एखादा टॉवर मुख्य दुर्बिणीत धरा आणि वरचा छोटा फाइंडर त्याच टॉवरवर जुळवा. सूर्याकडे नळी चुकूनही वळवायची नाही, डोळा कायमचा जातो. संध्याकाळी तिपाई सपाट जागेवर लावून पातळी तपासा. निरीक्षणाच्या अर्धा तास आधी दुर्बीण बाहेर ठेवा, म्हणजे काच-आरसे बाहेरच्या हवेशी जुळतात. सेल उतरलेले असले की मोटार वेड्यासारखी वागते, म्हणून १२ व्होल्टचा वेगळा पॅक असलेला बरा. ठिकाण, वेळ, तारीख भरून वाचून दाखवायला घरातल्या लहानाला सांगा. २५ मिलिमीटरची, म्हणजे कमी मोठं दाखवणारी नेत्रिका लावा. पहिला तारा आधी फाइंडरमध्ये, मग नेत्रिकेत बरोबर मध्यभागी आणा. शेवटचे धक्के ‘वर’ आणि ‘उजवीकडे’ या दोनच बटणांनी द्या, म्हणजे आतल्या दातेरी चाकांची सैल निघून जाते. दुसऱ्या ताऱ्यालाही तसंच. मग चंद्र किंवा दिसत असेल तो ग्रह निवडा. तो दिसला नाही तर यंत्र बंद करून पहिल्यापासून सुरुवात करा, फार तर पाच मिनिटं जातील. आणि एकदा जुळल्यावर तिपाईला कोणाचा पाय लागू देऊ नका.

शहराचा उजेड वाढतोय, तारे कमी होताहेत, हे खरं आहे. म्हणूनच हानलेच्या भोवतीचा परिसर डिसेंबर २०२२ मध्ये अंधार राखून ठेवायचं क्षेत्र म्हणून जाहीर करावा लागला. पण स्वाती, अभिजित, व्याध हे तारे इंदूर, बडोदा, हैदराबाद, बेळगाव, कुठल्याही गच्चीवरून अजून दिसतात, आणि दुर्बिणीला दिशा दाखवायला तेवढे पुरतात.

तर पुढच्या भागापर्यंत तुम्हाला गृहपाठ. दुर्बीण असो वा नसो, आज जेवण झाल्यावर मुलांना घेऊन वर जा आणि एक तारा नावानिशी ओळखा. कपाटावरचं खोकं असेल तर तेही खाली काढा, वर्षभराची धूळ झटका आणि पहिल्या प्रश्नापासून सुरुवात करा.

जय हिंद.